क्वार्टरबॅकचे वय नेमके कुठे दिसते?

पैलतीर (धागाकर्ते)

डिसेंबर २०२५मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्स संघाचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स याच्या टाचेची शीर तुटली. त्याच्या जागी संघाने ज्याला बोलावून घेतले तो माणूस ४४ वर्षांचा होता, जवळजवळ पाच वर्षे एकही व्यावसायिक सामना खेळलेला नव्हता, अलाबामातल्या एका शाळेच्या संघाला शिकवत होता आणि आजोबाही झाला होता. फिलिप रिव्हर्स हे नाव ऐकून आमच्या घरात आधी हशा पिकला. मग १४ डिसेंबरला तो सिअॅटलमध्ये मैदानात उतरला तेव्हा सगळे गप्प बसून पाहू लागले.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आक्रमण करणाऱ्या संघात प्रत्येक डाव (म्हणजे काही सेकंदांची एक चाल) क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. चेंडू हातात आला की त्याच्याजवळ साधारण अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरच्या बचावाची मांडणी ओळखायची, आपला कोणता गडी मोकळा होणार याचा अंदाज बांधायचा आणि चेंडू फेकायचा. हे सगळे चालू असताना सव्वाशे-दीडशे किलोचे दोन-चार गडी त्याला आडवा करायला धावून येत असतात.

त्या सामन्यात रिव्हर्सने २७ पैकी १८ पास पोहोचवले आणि कोल्ट्स १६-१८ असे हरले. चेंडू हातात येण्यापूर्वीच्या क्षणांत तो जे करत होता ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. तो बोट दाखवून कोण कुठून चाल करून येणार हे आपल्या फळीला सांगत होता, मागच्या गड्याला दोन पावले डावीकडे सरकवत होता, आणि बहुतेक वेळा त्याचे बरोबर ठरत होते. कोल्ट्सचे प्रशिक्षक शेन स्टायकेन पूर्वी चार्जर्स संघात त्याच्याबरोबर होते, त्यामुळे डावांची परिभाषा ओळखीची होती, आणि शाळेतल्या मुलांनाही तो तीच पद्धत शिकवत आला होता. डोके जागेवर होते यात शंका नाही. मात्र पोहोचलेल्या त्या १८ पासांचे मिळून अंतर भरले १२० यार्ड, म्हणजे एका पासामागे सात यार्डही नाहीत. त्याने पाय रोवून लांबवर चेंडू फेकावा असे प्रसंग जवळजवळ आलेच नाहीत, किंवा त्याने ते येऊ दिले नाहीत.

माझे म्हणणे असे आहे की क्वार्टरबॅकचे वय आधी पायांत उतरते, मग खांद्यात, आणि डोक्यात सर्वांत शेवटी. समालोचक मात्र वर्षानुवर्षे खांद्याकडेच डोळे लावून बसलेले असतात.

ब्रेट फार्व्हचे उदाहरण घ्या. २००९च्या हंगामात मिनेसोटाकडून खेळताना तो ४० वर्षांचा झाला आणि त्या हंगामात त्याने ३३ टचडाउन पास (म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, तर प्रतिस्पर्ध्यांच्या हाती फक्त ७ घातले. एवढा नेटका हंगाम त्याला ऐन तिशीतही साधला नव्हता. जानेवारी २०१०मध्ये न्यू ऑर्लिन्सला उपांत्य सामना झाला. २८-२८ अशी बरोबरी होती, अखेरची काही सेकंदे उरली होती, आणि दिवसभर मार खाऊन त्याचा घोटा सुजला होता. तो उजवीकडे सरकला तेव्हा पुढ्यात मोकळे मैदान होते. पाच-सात यार्ड पळून तो पडला असता तर संघाला किकने सामना जिंकण्याची वाजवी संधी होती. त्याने पळण्याऐवजी अंगाच्या विरुद्ध दिशेला, मैदानाच्या मधोमध चेंडू फेकला आणि ट्रेसी पोर्टरने तो पकडला. जादा वेळेत मिनेसोटा ३१-२८ने हरले. फार्व्हच्या हव्यासाला सगळ्यांनी दोष दिला. मला मात्र दर वेळी ती चित्रफीत पाहताना असे वाटते की हा निर्णय त्याच्या घोट्याने घेतला.

दुसरे उदाहरण जुने आहे. ३ जानेवारी १९७१ रोजी बॉल्टिमोर आणि ओकलंड यांच्यात एएफसीचा, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एका गटाचा, अंतिम सामना झाला. एका बाजूला ३७ वर्षांचा जॉनी युनायटस होता. दुसऱ्या बाजूला डॅरिल लमोनिका जखमी झाल्यावर जॉर्ज ब्लांडा उतरला, तो ४३ वर्षांचा. त्याच हंगामात ब्लांडाने पाच आठवडे ओळीने सामने वाचवले किंवा जिंकून दिले होते. कॅन्सस सिटीविरुद्ध शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली. पुढच्या रविवारी क्लीव्हलंडविरुद्ध आधी टचडाउन पास देऊन बरोबरी केली आणि तीन सेकंद राहिली असताना ५० यार्डांहून लांबून चेंडू खांबांमधून काढला. हा माणूस ४८व्या वर्षापर्यंत, १९७५च्या हंगामाअखेर, खेळत राहिला. एकूण २६ हंगाम झाले, आणि तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

जाणकारांनी आपापले मत मांडावे. विरोधी मत असल्यास अधिक आनंद होईल.

हाडवैद्य

धागा आवडला. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे रुग्ण मुख्यतः वेगवान गोलंदाज आणि बॅडमिंटनपटू असतात, पण फेकण्याची क्रिया सर्वत्र जवळजवळ सारखीच असते. पैलतीर यांनी पाय आणि खांदा अशी जी वाटणी केली आहे ती शरीराला मान्य नाही, एवढेच सुचवायचे आहे.

क्वार्टरबॅकचा चेंडू जेमतेम चारशे ग्रॅमच्या आसपास असतो. तो साठ यार्ड जातो तेव्हा त्यातला फार थोडा जोर खांद्याने दिलेला असतो. जोर सुरू होतो तो मागच्या पायाच्या तळव्यापासून. तिथून तो कमरेत येतो, कंबर आधी फिरते आणि छाती एक क्षण मागे राहते, त्या पिळातून धड फिरते आणि मग खांदा, कोपर, मनगट, बोटे अशी साखळी पूर्ण होते. खालची कडी ढिली पडली की वरच्या कडीला जास्त काम करावे लागते. म्हणून पस्तिशीनंतरचे पुष्कळसे खांदे मुळात कमरेमुळे दुखत असतात. माजी बेसबॉल पिचर टॉम हाउस यांनी ड्रू ब्रीज आणि टॉम ब्रेडी या दोघांबरोबर काम केले, ते याच साखळीवर. ब्रीजच्या उजव्या खांद्याच्या खोबणीची कड ३१ डिसेंबर २००५ रोजी फाटली होती. त्यानंतर तो न्यू ऑर्लिन्सकडून १५ हंगाम खेळला आणि ४२व्या वर्षी थांबला. २०१८मध्ये, वयाच्या चाळिशीला टेकला असताना, त्याने ७४.४ टक्के पास पोहोचवले. खांदा ‘गेला’ म्हणून सांगितलेल्या माणसाची ही आकडेवारी आहे.

आता अपवाद सांगतो. मज्जातंतूचे दुखणे या साखळीत बसत नाही. पेटन मॅनिंगच्या मानेवर २०११मध्ये शस्त्रक्रिया झाल्या आणि अख्खा हंगाम त्याला बाहेर बसावे लागले. त्या काळात कोलोरॅडोत त्याने आपला जुना मित्र, बेसबॉलपटू टॉड हेल्टन याच्यासमोर गुपचूप चेंडू फेकून पाहिला. पहिलाच चेंडू काही यार्डांवर नाक खुपसून पडला. हेल्टनला वाटले, पेटन थट्टा करतो आहे. त्याचे पाय, कंबर, धड सगळे शाबूत होते. मानेतून हाताला जाणारा निरोप तेवढा पोहोचत नव्हता. बोटांची जाणीव पुरती परत आलीच नाही, तरीही २०१३मध्ये, ३७व्या वर्षी, त्याने ५,४७७ यार्ड आणि ५५ टचडाउन पास असे दोन विक्रम केले. तेव्हा डोके शेवटी थकते या तुमच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे. फक्त ‘आधी पाय’ हा नियम सर्वांना लावू नये.

तळटीप

हाडवैद्य यांनी मॅनिंगची गोष्ट २०१३वर थांबवली, ती दोन वर्षे पुढे नेणे भाग आहे. १५ नोव्हेंबर २०१५ रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध कारकिर्दीतील एकूण पासिंग यार्डांचा फार्व्हचा विक्रम मोडण्यासाठी मॅनिंगला फक्त तीन यार्ड हवे होते. ते मिळाले, खेळ थांबवून टाळ्या झाल्या, आणि त्याच सामन्यात २० पैकी ५ पास, ३५ यार्ड आणि ४ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास) अशी नोंद झाल्यावर प्रशिक्षकांनी त्याला बाकावर बसवले. त्या वेळी त्याच्या तळपायाची शीरही फाटलेली होती, म्हणजे पैलतीर यांना हवा असलेला पाय इथेही सापडतो. पुढे तो परतला आणि फेब्रुवारी २०१६मध्ये ३९व्या वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तो सामना डेन्व्हरच्या बचावफळीने जिंकला, मॅनिंगचे पासिंग १४१ यार्डांचे होते. वयस्क क्वार्टरबॅकांच्या जेतेपदांची यादी करताना हे कलम लिहायला लोक विसरतात. जॉन एल्वेने ३७ आणि ३८व्या वर्षी दोन सुपर बोल जिंकले तेव्हाही चेंडू घेऊन पळणारा टेरेल डेव्हिस संघात होता.

माझा मुख्य मुद्दा मात्र नियमांचा आहे. शरीर तेच राहिले असेल, पण त्याभोवतीचा कायदा बदलला. १९७८मध्ये दोन बदल झाले: पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या गड्याला) धक्के देण्यास मनाई झाली आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून, उघड्या तळव्यांनी अडवण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वीच्या चित्रफिती पाहिल्या तर रक्षक हात छातीशी घेऊन, कोपरांनी ढकलताना दिसतात. जानेवारी २००६मध्ये सिनसिनाटीच्या कार्सन पामरचा गुडघा त्याच्या संघाच्या दुसऱ्याच डावात निकामी झाला आणि गुडघ्याखाली मारण्यावर बंधने आली. २००८च्या पहिल्याच सामन्यात बर्नार्ड पोलार्डच्या धडकेने ब्रेडीचा गुडघा गेला. पोलार्ड जमिनीवर पडलेला होता आणि तिथूनच पुढे झेपावला होता, म्हणून पुढच्या वर्षी जमिनीवरून पायांवर झेपावण्यालाही बंदी झाली. २०१७मध्ये आरन रॉजर्सचे गळपट्टीचे हाड मोडले आणि २०१८पासून क्वार्टरबॅकवर आपले पूर्ण वजन टाकून पडण्याविरुद्धचा नियम कडकपणे लावला जाऊ लागला. प्रत्येक नियमामागे एक मोडलेला क्वार्टरबॅक आहे, आणि तो नेहमी नामवंतच असतो हेही लक्षात घ्यावे.

ब्लांडाबद्दलही एक तळटीप. शेवटच्या काही हंगामांत तो प्रामुख्याने किकर होता, पास फेकण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येई. त्यामुळे ४८ हे क्वार्टरबॅकचे वय म्हणून धरणे बरोबर नाही. क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात करणारा सर्वांत वयस्क खेळाडू ब्रेडी, २०२२मध्ये ४५ वर्षांचा. त्याच्याआधी हा मान स्टीव्ह डीबर्गकडे होता. १९९८मध्ये अटलांटासाठी तो ४४व्या वर्षी उतरला होता.

एडिसनकर

मी तज्ज्ञ नाही, प्रेक्षक आहे. तरीही पायांच्या मुद्द्यावर एक डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगावीशी वाटते.

११ सप्टेंबर २०२३ रोजी आम्ही सहा जण न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये, सर्वांत वरच्या टप्प्यात बसलो होतो. ३९ वर्षांचा आरन रॉजर्स ग्रीन बे सोडून जेट्सकडे आलेला, त्याचा पहिला सामना, समोर बफेलो. तो मोठा ध्वज घेऊन धावत मैदानात आला तेव्हा काँक्रीटच्या पायऱ्या पायांखाली थरथरत होत्या, हे मी अतिशयोक्ती न करता लिहितो. त्याचा चौथा डाव झाला. लेनर्ड फ्लॉइडने त्याला खाली पाडले. वरून पाहताना त्यात काहीच विशेष वाटले नाही, असे दहा वेळा पाडले जाते. तो उठला, उभा राहिला, आणि मग हळूच, कोणी ढकललेले नसताना, पुन्हा मैदानावर बसला. तो खाली बसला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी गृहस्थाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना तेव्हाच कळले असावे. डाव्या पायाची अकिलीस, म्हणजे टाचेची शीर, तुटली होती. त्या रात्री जेट्स जादा वेळेत जिंकले आणि तरीही गाडीतळापर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

तो २०२४मध्ये परतला, सर्व सामने खेळला, संघ १७ पैकी ५ सामने जिंकला. २०२५मध्ये ४१व्या वर्षी पिट्सबर्गकडून उभा राहिला. चेंडू अजूनही त्याच्या मनगटातून सुटतो तसा इतर कोणाच्या सुटत नाही. पूर्वी मात्र तो डावीकडे चार पावले पळत जाऊन, हवेत असतानाच पन्नास यार्ड फेकायचा. आता तो चेंडू आला की लगेच सोडून देतो.

कौलारू

चर्चा वाचताना सारखे जाणवते की आपण फक्त टिकलेल्यांबद्दल बोलत आहोत. ब्रेडी, ब्रीज, मॅनिंग, फार्व्ह यांच्या कारकिर्दी पाहून क्वार्टरबॅकचे वय ठरवणे म्हणजे गावातल्या नव्वदीच्या आजोबांना पाहून गावाचे आयुर्मान ठरवण्यासारखे आहे. जे तिशीतच संपले त्यांचे काय?

२४ ऑगस्ट २०१९ची संध्याकाळ आठवा. इंडियानापोलिसमध्ये सरावसामना चालू असताना बातमी फुटली की २९ वर्षांचा अँड्र्यू लक निवृत्त होत आहे. तो मैदानाबाहेर निघाला तेव्हा त्याच्याच संघाच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. फाटलेले मूत्रपिंड, बरगड्या, खांदा, पोटरी अशी रांग लागली होती, आणि दुखापत, वेदना, उपचार, पुन्हा दुखापत या चक्राने खेळातला आनंद संपवला असे त्याने त्याच रात्री डोळे पुसत सांगितले. त्याच्या पायांत आणि खांद्यात बळ शिल्लक होते. संपले होते ते मन.

‘डोके शेवटी’ हा पैलतीर यांचा सिद्धांत मला अर्धवट वाटतो तो याचसाठी. डोक्यातले ज्ञान शेवटी जाते हे खरे, परंतु डोके हा अवयवही आहे. ट्रॉय एकमन मेंदूला बसलेल्या धक्क्यांमुळे आणि पाठीमुळे ३४व्या वर्षी थांबला. स्टीव्ह यंगचा शेवटचा सामना २७ सप्टेंबर १९९९ला अॅरिझोनात झाला. एनीअस विल्यम्सची धडक बसल्यावर तो निपचित पडला आणि त्यानंतर कधीही खेळला नाही. खेळाची जाण त्या वेळी त्याच्याइतकी फार थोड्यांना होती. ती जाण ज्या कवटीत होती तीच आता आणखी एक धक्का सोसणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले.

पैलतीर

कौलारू यांचा आक्षेप मान्य आहे. मी ‘डोके’ हा शब्द ढिलेपणाने वापरला. मला अभिप्रेत होती ती ओळखण्याची शक्ती, म्हणजे बचाव कुठे फसवतो आहे हे चेंडू येण्याआधी दिसणे. ती वयाबरोबर वाढते. पण ती साठवणारा अवयव आघाताने एका क्षणात निकामी होऊ शकतो, आणि तसे झाले तर पाय-खांद्याचा क्रम निरर्थक ठरतो. तळटीप यांची ब्लांडाबाबतची दुरुस्तीही स्वीकारतो.

ब्रेडीचे काय, असे मला दोघांनी निरोपातून विचारले. तो पायांच्या सिद्धांताला अपवाद नाही का? ४३व्या वर्षी टँपा बेसाठी सुपर बोल जिंकला, पुढच्या हंगामात ४४व्या वर्षी ५,३१६ यार्ड आणि ४३ टचडाउन करून दोन्हींत सबंध लीगमध्ये पहिला आला. माझे उत्तर असे की त्याला गमावण्यासारखा वेगच नव्हता. २००० साली, संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीपूर्वीच्या चाचणीत ४० यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते. १९९ व्या क्रमांकावर त्याची निवड होण्यामागे हे एक कारण होते. २२व्या वर्षी जो पळत नव्हता त्याचा खेळ ४४व्या वर्षी पळण्यावाचून अडत नाही. त्याच्या पायांचे काम वेगळे होते: फळीच्या आड अर्धे पाऊल पुढे, अर्धे पाऊल बाजूला, नजर वर. हे अर्धे पाऊल अखेरपर्यंत टिकले.

जमाखर्च

शरीर आणि नियम दोन्ही झाले, आता पैशाकडे यावे. क्वार्टरबॅक किती वर्षे टिकतो हे पुष्कळदा डॉक्टरऐवजी संघाचा हिशेबनीस ठरवतो.

१९९४पासून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०११च्या करारात नव्याने निवडलेल्या खेळाडूंच्या पगाराचीही चौकट ठरली, त्यामुळे चांगला तरुण क्वार्टरबॅक पहिली चार वर्षे अतिशय स्वस्त पडतो आणि वाचलेल्या पैशात संघ उत्तम बचाव आणि रक्षक विकत घेतो. परिणाम असा झाला की पस्तिशीतला असामान्य क्वार्टरबॅक हवा असतो, पण पस्तिशीतला बरा क्वार्टरबॅक कोणालाच परवडत नाही. मधला वर्ग झिजला. ग्रीन बेने तर हे धोरणच केले: फार्व्ह असताना २००५मध्ये रॉजर्सला निवडून तीन वर्षे बाकावर बसवले, आणि रॉजर्स असताना २०२०मध्ये जॉर्डन लव्हला निवडून तीन वर्षे बसवले. रॉजर्सने त्या निवडीनंतर लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला, म्हणजे वारस आणून बसवल्याने कधी कधी म्हातारपण पुढे ढकलले जाते असेही म्हणता येईल.

जो वर्ग टिकतो तो राखीव क्वार्टरबॅकांचा. मार नाही, डावांची वही पाठ, तरुणाला शिकवण्याचे काम आणि बरा पगार. जो फ्लॅको २०२३च्या नोव्हेंबरपर्यंत घरी होता. क्लीव्हलंडने बोलावले तेव्हा ३८ वर्षांचा होता, पाच सामन्यांपैकी चार जिंकून संघाला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) घेऊन गेला. अर्ल मोरॉल १९७२मध्ये, त्याच वयात, बॉब ग्रीसीचा पाय मोडल्यावर मायामीसाठी उभा राहिला, आणि त्या अपराजित हंगामातले बहुतेक सामने त्याच्याच हाताखाली जिंकले गेले. अशा माणसांना कोणी ‘दीर्घायुषी’ म्हणून गौरवत नाही.

रिव्हर्सबद्दल एक भर घालतो. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, विचार होतो. त्याची ती पाच वर्षे भरली होती. डिसेंबरात मैदानात उतरताच ते घड्याळ पुन्हा शून्यावर गेले. ते ठाऊक असूनही तो उतरला.

आडवाट

ब्रेडीच्या आहाराबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी वर्ज्य, लवकर झोप, स्नायू लवचिक ठेवण्यासाठी रोज मर्दन. हेच खरे रहस्य असे माझ्या कार्यालयातले अर्धे सहकारी मानतात. हाडवैद्य यांचे मत वाचायला आवडेल.

दुसरा प्रश्न आजच्या पिढीचा. लमार जॅक्सन, जॉश अॅलन हे पायांवरच उभे आहेत. कॅम न्यूटन २६व्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ३२व्या वर्षी त्याचा शेवटचा सामना झाला. पॅट्रिक माहोम्सचा गुडघा डिसेंबर २०२५मध्ये, तिशीत पाऊल टाकल्यावर, गेला. हे चाळिशी पाहतील का?

हाडवैद्य

आहाराबद्दल: वेळेवर झोप आणि वजनावर ताबा यांचा उपयोग निर्विवाद आहे. वांगी सोडल्याने सांधे टिकतात याला माझ्या माहितीत भक्कम आधार नाही, आणि असा आधार निघाला तरी आमच्या जळगावच्या घरी तो कोणी ऐकून घेणार नाही. शिस्तीचा खरा लाभ मला वेगळा दिसतो. जो माणूस ताटातल्या टोमॅटोबद्दल एवढा काटेकोर असतो तो सरावातली पावले मोजण्यातही तितकाच काटेकोर असतो.

पळणाऱ्यांबद्दल: धोका पळण्यात कमी आणि पळण्याच्या शेवटी आहे. घसरून बसणारा आणि रेषेबाहेर जाणारा टिकतो. खांदा पुढे करून भिडणारा झिजतो, आणि न्यूटन भिडायचा. स्टीव्ह यंग आणि रँडल कनिंगहॅम हे दोघेही तरुणपणी पळणारे म्हणूनच ओळखले जात. कनिंगहॅमने १९९८मध्ये, ३५व्या वर्षी, ३४ टचडाउन पास दिले ते बहुतांशी पाय रोवून उभे राहून. म्हणजे पायांकडून हाताकडे संक्रमण शक्य आहे. ते तिशीच्या आत शिकावे लागते, पायांनी नाही म्हटल्यावर शिकायला वेळ उरत नाही.

तळटीप

एका नावाचा उल्लेख अजून झाला नाही याचे आश्चर्य वाटते. वॉरन मून १९७८मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल हा मानाचा महाविद्यालयीन सामना जिंकून देऊन बाहेर पडला, तरी एनएफएलच्या एकाही संघाने त्याला निवडले नाही. कृष्णवर्णीय खेळाडूने क्वार्टरबॅक सोडून दुसरी जागा धरावी अशी तेव्हाची रीत होती आणि त्याने जागा बदलायला नकार दिला. तो कॅनडात गेला, एडमंटनला, आणि तिथे सहा हंगामांत ओळीने पाच अजिंक्यपदे मिळवली. एनएफएलमध्ये आला तेव्हा १९८४ साल उजाडले होते आणि तो २७ वर्षांचा होता. तरीही १९९७मध्ये, एक्केचाळिशी गाठत असताना, सिअॅटलसाठी त्याने २५ टचडाउन पास दिले, आणि २०००मध्ये ४४व्या वर्षी थांबला. एनएफएलच्या कोष्टकात त्याचे १७ हंगाम दिसतात. कॅनडातले सहा त्यात नाहीत.

पैलतीर

तळटीप, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचून बेरीज केली. मूनचे १७ आणि ६ मिळून २३ होतात, आणि ब्रेडीचे २००० ते २०२२ हेही २३च. एकाला १९९व्या क्रमांकावर का होईना निवडले गेले, म्हणून त्याचे सगळे हंगाम एका कोष्टकात आले. शिवाय मूनचे सगळेच हंगाम २००६, २००९ आणि २०१८च्या त्या सर्व नियमांच्या आधीचे आहेत, आणि तो पळतही असे.

मूळ लेखात ब्लांडाच्या जागी हे नाव हवे होते. संपादनाची मुदत संपली आहे, म्हणून दुरुस्ती इथेच नोंदवतो.